रामजन्म : बारा बावन्न

बडोद्यात पाणीगेटच्या आमच्या हरिकथा मंडळात प्रभू रामचंद्रांचा जन्म दर वर्षी चैत्र शुद्ध नवमीला दुपारी बारा वाजता होतो. अपवाद एकाच वर्षाचा. त्या वर्षी तो बारा वाजून बावन्न मिनिटांनी झाला. विलंबाचे कारण वार्षिक अहवालाच्या चौथ्या पानावर दिले आहे, पण तिथला रकाना तीस अक्षरांचाच असल्यामुळे 'काही तांत्रिक बाबींमुळे' एवढेच त्यात मावले. उरलेले कारण मंडळाचा चिटणीस या नात्याने मी येथे सादर करतो.

मुळात कीर्तन हा माझा जीव की प्राण. बुवांनी उपरणे सावरले, झांज वाजली, पेटीने सूर धरला की माझे डोळे भरून येतात आणि ज्याच्याशी सकाळीच भांडलो त्यालाही मिठी मारावीशी वाटते. ही भावना उत्तररंग संपेपर्यंत टिकते. पुढे समितीची बैठक असते.

अरिष्टाची सुरुवात आदल्या वर्षी झाली. मंडळाचे अध्यक्ष उदयसिंहराव, यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. उपाध्यक्ष दिनकरराव, यांचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत. फौज आणि कचेरी यांचे घड्याळ तेव्हाही जुळत नसावे. उदयसिंहरावांच्या मनगटावर बारा वाजले आणि त्यांनी पाळण्याची दोरी ओढली. अर्ध्या सभेने फुले उधळली. दिनकररावांच्या मनगटावर अजून तीन मिनिटे बाकी होती. ती त्यांनी शांतपणे जाऊ दिली आणि मग त्यांनीही दोरी ओढली. उरलेल्या सभेने फुले उधळली. एकाच सभागृहात राम दोनदा जन्मला. बुवांना पाळणा दोनदा म्हणावा लागला. तातडीच्या बैठकीत ठराव झाला की यापुढे जन्माची वेळ कोणाच्याही घड्याळावर अवलंबून राहणार नाही. निःपक्षपाती यंत्रणा नेमावी.

यंत्रणा समा भागातून स्कूटरवर बसून आली. तिचे नाव हेरंब.

हेरंब आपल्याच समाजातला हुशार मुलगा, सयाजीगंजात त्याची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. त्याने एक शोध लावला होता. आजवर लोक घटना घडू देत, तिची माहिती गोळा करत आणि शेवटी अहवाल लिहीत. हेरंबाने हे सगळे उलटे केले. आधी कॉम्प्युटरवर अहवाल चितारायचा. माऊसने खोकी ओढायची, हवी तिथे ठेवायची, सुबक चौकटी, रंगीत आलेख. मग सॉफ्टवेअर त्या अहवालाकडे पाहून स्वतःच ओळखते की माहिती कोणती लागेल, आणि ती भरण्याचे पडदे स्वतःच तयार करते. सगळी खोकी भरली की अहवाल हिरवा.

"वा!" मी म्हणालो. "आणि घटना?"

"ए तो थशेज ने, काका! ती होईलच," हेरंब म्हणाला. "पडद्याप्रमाणे होईल. एकदम स्मूथ."

समितीला शोध अतिशय पसंत पडला. रिकाम्या पानावर सुरुवात कशाला, म्हणून हेरंबाने जन्माचा एक तयार साचा उघडला. तो त्याने पूर्वी एका प्रसूतिगृहासाठी केला होता. साचा भारदस्त दिसत होता. कोणी हरकत घेतली नाही.

मग प्रत्येक सदस्याने आपापले खोके ओढून ठेवले. हेरंबाने सांगितले की खोक्याला लाल तारा लावला की ते भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही. हे ऐकताच ज्याने त्याने आपल्या खोक्याला तारा लावून घेतला. बिनताऱ्याच्या खोक्याला समाजात काय किंमत?

उदयसिंहराव म्हणाले, "उपस्थितीला तारा लाव. आणि चारशेच्या खाली आकडा घ्यायचाच नाही, असं सांग त्याला."

"पण साहेब, आपल्याकडे साठ-सत्तर माणसं येतात," मी म्हटले.

"नारायणराव, अहवालात चारशे म्हटल्यावर लोकांना यावंच लागेल. शिस्त वरून येते."

रामनवमीचा दिवस उजाडला. व्यासपीठावर दत्तात्रेयबुवा, उजवीकडे फुलांनी मढवलेला पाळणा, डावीकडे हेरंबाचा लॅपटॉप आणि भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर लाल पट्टी होती आणि तिच्यात लिहिले होते : जन्म प्रलंबित. पट्टी हिरवी झाल्यावरच दोरी ओढायची, असा ठराव होता.

पहिल्या रांगेत मथुराबाई बसल्या होत्या. वय वर्षे त्र्याऐंशी. रामजन्म होऊन सुंठवडा हातावर पडेपर्यंत त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत. लग्न होऊन बडोद्यात आल्यापासूनचा त्यांचा नेम. डॉक्टरांनी त्यांना बजावले होते की बारानंतर एक मिनिटही उपाशी राहायचे नाही. त्यांनी डॉक्टरांना सांगितले होते की बारानंतर एक मिनिटही लागतच नाही.

बुवांनी पूर्वरंग असा रंगवला की काय सांगू! इकडे मी आणि हेरंब खोकी भरत होतो. आईचे नाव, कौसल्या. वडिलांचे नाव, दशरथ. वडिलांचा व्यवसाय, राज्य. प्रसूतीचा प्रकार, याखाली दोनच पर्याय आणि एक 'इतर' होते. यज्ञातल्या पायसाचा पर्याय नव्हता, म्हणून 'इतर' निवडले. मग बाळाचे वजन. याला तारा होता.

"मूर्तीचं टाका ने, काका," हेरंब कुजबुजला.

शेजारच्या वाण्याचा काटा आणवला. पितळी रामलल्ला सव्वा किलो भरले. पडद्यावर ताबडतोब सूचना आली : वजन चिंताजनक. बाळास काचेच्या पेटीत ठेवावे. सभेत खळबळ उडाली. उदयसिंहरावांनी प्रसंगावधान राखून मूर्ती पाटासकट पुन्हा तोलायला लावली. तीन किलो शंभर. पडदा म्हणाला : बाळ सुदृढ. सभेने सुटकेचा निःश्वास टाकला. बुवांना वाटले, दाद त्यांना मिळाली.

अकरा पंचावन्नला एकच खोके उरले. उपस्थिती. मी डोकी मोजली. एकसष्ट. एकसष्ट लिहिले. पडद्याने ते पुसले.

"हेरंबा, तो चारशेचा आकडा खाली आण."

"आणतो ने, दोन सेकंदांचं काम आहे. समितीची परवानगी द्या."

मी दिनकररावांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. "ठराव फिरवायला सात दिवसांची नोटीस लागते."

"राम सात दिवस थांबेल?"

"नियम सर्वांना सारखे. आणि राम तर मर्यादापुरुषोत्तम. तो समजून घेईल."

बारा वाजले. एकसष्ट माणसे मुठीत फुले धरून उभी राहिली आणि पडद्याकडे पाहू लागली. लाल पट्टी लालच. मी बुवांना हाताने खूण केली, लांबवा.

तीस वर्षे कीर्तन करणारा माणूस तो, घाबरला नाही. कौसल्यामातेचे डोहाळे एकदा वर्णून झाले होते, ते त्याने पुन्हा काढले. तिला आंबे हवेसे वाटले. ते आणले. मग चांदण्यात विहार करावासा वाटला. करवला. साडेबाराला बुवांचे भांडार आटले आणि मातेला फाफडा-जलेबीची इच्छा झाली.

"अहो बुवा, सोडवा की हो बिचारीला!" बायकांमधून आवाज आला.

"बाई, माझ्या हातात आहे का ते?" बुवा गाता गाताच म्हणाले. "भिंतीला विचारा!"

एवढ्यात मथुराबाईंची मान शेजारणीच्या खांद्यावर कलली. मी पेला घेऊन धावलो. ओठ कोरडे पडले होते, हात थंडगार.

"मावशी, घोटभर घ्या. माझं ऐका."

"जन्म झाला?"

"झालाच म्हणायचा. होतोय."

"होतोय म्हणजे? पाच बाळंतपणं काढलीत मी, मला शिकवतोस?" डोळे मिटलेलेच होते. "दोरी कोण अडवून बसलंय?"

"कोणी नाही, मावशी. पडदा हिरवा व्हायचाय."

"मग ओढ की तू."

पाळणा माझ्यापासून सहा पावलांवर होता. दोरी खाली लोंबत होती. मी समितीकडे पाहिले. समितीने पडद्याकडे पाहिले. त्या सभागृहातल्या कोणीही एक मूठ उघडली असती तर राम जन्मला असता. कोणी उघडली नाही. प्रामाणिकपणे नोंदवतो, मीही नाही. मी पेला खाली ठेवला आणि लॅपटॉपकडे धावलो.

"हेरंबा, वधूवर मेळाव्यासाठी आपल्या लोकांची यादी तू यात चढवली होतीस ना?"

"आहे ने. नऊशे बारा नावं."

"सगळी घाल उपस्थितीत."

"काका, सभागृहात दीडशेच खुर्च्या आहेत."

"खुर्च्यांचं खोकं आहे का?"

हेरंबाने पाहिले. नव्हते. त्याने बटण दाबले. नऊशे बारा माणसे एका क्षणात, कसलाही आवाज न करता, चपला न काढता आत येऊन बसली. पट्टी हिरवी झाली.

बारा बावन्न. फुले उडाली, गुलाल उडाला, शंख वाजला, बुवांच्या गळ्यातून पाळणा असा फुटला की माझ्यासारख्या पाप्याचेही डोळे वाहू लागले. सुंठवड्याची पहिली चिमूट मी मथुराबाईंच्या जिभेवर ठेवली, मग पाणी. दहा मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी मला जवळ बोलावले.

"काहीतरी खोटं लिहिलंस ना रे नारायणा?"

"हो मावशी."

"रामासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मला कशाला मध्ये घेतोस? मी तर दोरी ओढ म्हटलं होतं."

मी रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेले. त्यांचे सलाइन संध्याकाळपर्यंत चालले. आता त्या ठणठणीत आहेत, पण आमच्याकडे येत नाहीत. घरीच देव्हाऱ्यापुढे कणकेच्या पाळण्यात बारा वाजता राम जन्मवतात. तिथे एकटे दत्तात्रेयबुवा जातात.

अहवाल मात्र फारच देखणा झाला. उपस्थितीचा हिरवा खांब थेट पानाच्या टोकाला टेकला होता. उदयसिंहराव म्हणाले, "पाहिलंत? शिस्त वरून येते." पुढच्या वर्षी किमान हजार ठेवण्याचा ठराव एकमताने झाला. बुवांनी तो अहवाल चष्मा लावून दोनदा वाचला. "इतकी माणसं होती होय?" ते म्हणाले. "मग मी आपला एकट्या मथुराबाईंकडे बघूनच का गात होतो?"

अहवाल यादीतल्या प्रत्येकाला धाडण्यात आला. मी धसकाच घेतला होता. आता फोन येणार, तक्रारी होणार, माझे चिटणीसपद जाणार. फोन आलेच. एका गृहस्थांनी विचारले की मला अठराव्या रांगेत का दाखवले, आमच्या घराण्याला पहिल्या रांगेचा मान आहे. एक न्यू जर्सीहून बोलले. त्यांनी अहवाल आईला पाठवला होता आणि आई फार समाधान पावली होती. तीन वर्षांपूर्वी वारलेले लक्ष्मणराव यादीत तसेच राहिले होते. त्यांच्या चिरंजीवांनी तो कागद चौकटीत लावून घेतला. एका बाईंनी कळवले की त्या दिवशीचे कीर्तन फारच उत्तम झाले, पण आवाज मागेपर्यंत पोचत नव्हता. 'मी आलो नव्हतो, माझे नाव काढा,' असे आजतागायत एकानेही म्हटलेले नाही.

तुमचेही नाव आहे, वाचक महाराज. तुम्ही बडोद्याचे नसलात तरी निर्धास्त राहू नका. यादीत जावई आहेत, पुण्याला गेलेले आहेत, कधीतरी एकदा पाहुणे म्हणून आलेलेही आहेत. तुमच्या नावापुढे 'भावपूर्ण उपस्थिती' अशी नोंद आहे. ती मान्य नसेल तर नाव वगळण्याची सोय हेरंबाने करून दिली आहे. त्या पडद्यावर फक्त एक प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर कोरे ठेवता येत नाही : त्या दुपारी बारा वाजता आपण कुठे होता?