मेल्थवेटचे मैदानी स्कॅलबर्नकरांनी मोर्चा राखिला त्याची हकीकत

स्कॅलबर्न टाउन फुटबॉल क्लब, थोर दौलत, सांप्रत उतरती कळा, त्याचे समर्थक मंडळाचे चिटणीस यांणी हुकूम केला की, मेल्थवेटची मोहीम कैसी जाहली ती साद्यंत लिहिणे. क्लबाचे मासिकात एक पान रिकामे पडले आहे, तेथे छापू. त्याजवरून लिहितो. लिहिणार स्वतः मोहिमेत हजर होता. पैकी बराच वेळ पाय नामे विलायती मांसाचा कानवला खाण्यात गुंतला होता, तरी जे दिसले ते लिहिले आणि जे दिसले नाही तेही लिहिले.

स्कॅलबर्न आणि मेल्थवेट ही गावे एका टेकडीचे दोन अंगांस. वैर पिढीजाद. वैराचे कारण कोणास ठाऊक नाही, तरी उभय पक्षीं इमानेइतबारे चालविले आहे. आमचा क्लब वरचे दर्जात, त्यांचा खालचे, यास्तव समोरासमोर गाठ कधी पडली नाही, आणि आम्ही वरून त्यांस हसावे ऐसी वहिवाट होती. मग गेले साली दैव फिरले. परमुलखी जितक्या लढाया जाहल्या तितक्यांत आमचे वीरांनी एकही गोल केला नाही, आणि क्लब घसरत घसरत थेट मेल्थवेटचे पंगतीस येऊन बसला. हसणे ते दिवसापासून बंद जाहले.

आमचे सेनापती राजमान्य राजेश्री सिरिल ऑर्मरॉड, निवृत्त बसचालक, गुडघे कमजोर, घसा शाबूत. गेले साल प्रत्येक स्वारीहून भिजोन परत येत आणि मंगळवारपावेतों घरात कोणाशी अक्षर बोलत ना. तेव्हा त्यांचे कुटुंब एनिड बाईसाहेब यांणी निर्वाणीचा हुकूम काढिला की, मेल्थवेटास खुशाल जावे, तेथे आपले संघाचा एक गोल स्वतःचे डोळ्यांनी पाहावा. न दिसल्यास स्वाऱ्या कायमच्या बंद, आणि तमाम शनिवार आमचे बहिणीचे समुद्रकाठचे कॅरव्हॅन नामे चाकांचे घरात पत्ते खेळत घालवावे. मेव्हणी पत्त्यांत लबाडी करी, हे सर्वश्रुत. सिरिलरावांनी हुकूम शिरसावंद्य केला, कारण इलाज नव्हता.

मग हंगामाचे पहिले शनिवारी बसने कूच जाहले. फौज सात असामी, त्यांत एक कुत्रा. नौबतीस टेरेन्स बॅरोक्लफ, याजपाशी ढोल, ताल नाही. मेल्थवेटचे दरवाजी गनिमाचा द्वारपाल उभा, तो हसोन म्हणाला, "या, या. कुठेही उभे राहा, जागाच जागा आहे." हे ऐकोन फौज सावध जाहली. वरचे दर्जात परकी फौज म्हणजे ती कुंपणात कोंडावी, भोवती पोलीस उभे करावे, ऐसी रीत. येथे कुंपण नाही, पोलीस नाही. ही मोकळीक म्हणजे कावा, ऐसे सिरिलरावांचे मत पडले, आणि त्यांणी खालचे अंगाचे गोलखांबामागे मोर्चा बांधोन हुकूम दिला की, जीव गेला तरी ही जागा सोडणे नाही.

मैदान मध्यभागी म्हशीचे पाठीसारखे फुगलेले, त्यामुळे एका टोकाहून पलीकडील गोलखांबाचा वरचा दांडा तेवढा दिसे. पूर्वार्धात आमचे वीर आमचे समोरील खांबांवर चालोन येत आणि चेंडू आकाशात मारोन परत जात. मध्येच पलीकडे टाळ्या पडल्या, त्यावरून आम्हांवर गोल जाहला ऐसे समजले.

मग मध्यंतराची शिटी जाहली आणि घोर प्रसंग उभा राहिला. गनिमाची सगळी फौज पलीकडील टोकाहून हलली आणि आमचे मोर्च्यावर चालोन येऊ लागली. टेरेन्स ओरडला, "आले रे आले!" कुत्रा बाकाखाली गेला. सिरिलरावांनी कठडा धरिला. गनीम अगदी अंगाशी आला तेव्हा दिसले की प्रत्येकाचे हाती चहाचा पेला आहे, आणि बिनीस डॉट फेअरक्लफ नामे आजीबाई, गळ्यात शत्रूचा मफलर.

"सरका की हो," डॉटबाई म्हणाल्या. "आता बाजू बदलल्या. तुमची पोरं तिकडच्या खांबांवर मारणार. तुम्ही तिकडे जा, आम्ही इकडे येतो. आमच्याकडे असंच असतं."

"आम्ही हलणार नाही!" सिरिलराव गर्जले.

"नका हलू बापडे. पण दिसणार काही नाही हं, आधीच सांगते. बिस्कीट घेता?"

बिस्कीट नाकारिले. फक्त टेरेन्साने घेतले, त्याची चौकशी मागाहून जाहली. ऐसा आमचा मोर्चा कायम राहिला, म्हणजे चहूंकडोन गनीम आणि मध्ये आम्ही, आणि आमचेच डोळ्यांदेखत त्यांणी तीन गोल केले. प्रत्येक गोलास डॉटबाई सिरिलरावांचे खांद्यावर हात ठेवोन "वाईट वाटतंय मला" म्हणत आणि लगेच उड्या मारीत.

खेळ सरत आला. तेव्हा पलीकडे, म्हशीचे पाठीआड, काही गडबड उडाली. जाळी हलली ऐसा भास जाहला. आमचे वीर उंचवट्यावर धावोन आले, एकमेकांचे गळा पडले, आणि आपले लोक कोठे म्हणोन रिकाम्या टोकाकडे पाहू लागले. तेथे चिटपाखरू नव्हते. येथे मेल्थवेटकरांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजविल्या.

"झाला की तुमचा एक!" डॉटबाई म्हणाल्या.

सालभराने परमुलखी गोल जाहला, आणि आम्ही पराक्रमाने राखिलेले मोर्च्यावरून तो एकासही दिसला नाही. टेरेन्साने ढोल खाली ठेविला.  आम्हां सर्वांस फार वाईट वाटले, आणि लाजही वाटली.

लढाई सरल्यावर उभय फौजा क्लबघरात एकत्र बसोन पितात, हीही तेथील रीत. सिरिलराव कोपऱ्यात, हाती बियर, ती पीत नव्हते. डॉटबाईंनी काय ते विचारिले आणि त्यांणी सगळे सांगितले: बाईसाहेबांचा हुकूम, कॅरव्हॅन, पत्ते. बाई उठल्या आणि आतोन त्यांचा गोलकीपर ब्रॅड पिकल्स, पेशाने नळजोडणीवाला, केस ओले, यास दंडास धरोन घेऊन आल्या.

"ब्रॅड, तू तो गोल कसा खाल्लास ते यांना दाखव."

"काकू, जेवू तरी द्या!"

"आधी दाखव, मग गीळ."

मग दोन खुर्च्यांचे खांब जाहले, एका पावाचा चेंडू जाहला, आणि टेरेन्स आमचा वीर ठरला. त्याने पाव मारिला. ब्रॅडने जात्याच झेप घालोन तो अचूक धरिला. दिवाणखान्यात हाय हाय जाहली.

"दुपारी कुठे गेलं होतं हे?" डॉटबाई कडाडल्या.

"सवयीनं झालं! पुन्हा मारा, पुन्हा."

दुसरे वेळी ब्रॅड उजवीकडे झेपावला, गालिच्यावर सपशेल आपटला, पाव डावीकडोन खुर्च्यांमधोन गेला आणि गनिमाचे तमाम फौजेने छत फाटेल ऐसा जल्लोष केला, जणू त्यांचाच गोल. सिरिलराव कमजोर गुडघ्यांनिशी उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले. इतके ओरडले की सालभराचे साठलेले निघोन गेले.

इतक्यात सिरिलरावांचा फोन वाजला. बाईसाहेब.

"काय रे सिरिल, दिसला का गोल?"

"दिसला."

"खरं सांग. स्वतःच्या डोळ्यांनी?"

"अगदी चार हातांवरून, एनिड. कीपर उजवीकडे गेला, गोल डावीकडून झाला."

"मग रडतोयस कशाला?"

सिरिलरावांनी बाहीने डोळे पुसिले. फोन डॉटबाईंनी घेतला आणि म्हणाल्या, "बाई, इतका छान गोल आम्ही कोणाला दिला नव्हता. पुढच्या साली तुम्हीही या."

येणेप्रमाणे मेल्थवेटची मोहीम. गनिमाकडे गोल चार, आमचेकडे एक. मोर्चा कायम, शनिवार सोडविले, कॅरव्हॅनचा मुलूख मेव्हणीकडे राहिला. वैर पूर्ववत चालू ठेवावे, ऐसे उभय पक्षीं ठरले. फत्ते आमची जाहली. ब्रॅडचे कोपरास खरचटले, त्याबद्दल स्कॅलबर्नकर त्याचे ऋणी आहेत.