तात्यांच्या अंगावरचा अभ्यास

मोशीतल्या एका लग्नात आमचे घरमालक तात्या बाह्या दुमडून पंगतीला बसले आणि खसखस पिकली. कोपरापासून मनगटापर्यंत निळ्या पेनानं स्नायूंच्या रेघा! सकाळीच मी त्या काढल्या होत्या.

मी परभणीकडचा, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला. तात्यांच्या वरच्या खोलीत एकटाच भाडेकरू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ऐकवलं, "पुस्तकात कुठं माणूस असतोय व्हय? आमच्या अंगावर शिक." तेव्हापासून रोज सकाळी बनियन काढून ओट्यावर हजर. मी हाडं चाचपायचो, नाडी शोधायचो. नाही सापडली की म्हणायचे, "हाय रं हाय, जित्ता हाय अजून. नीट बघ."

माझ्याकडून ऐकलेली नावं ते गावभर वापरत. दूधवाल्याला सांगत, "आज स्कॅपुला धरलाय राव." स्कॅपुला म्हणजे खांद्यामागचं हाड, धरलेली असायची कंबर. दुरुस्त करायला गेलं की चिडत, "डॉक्टर तू का मी?" खरं तर दोघंही नाही.

पहिल्याच तोंडी परीक्षेत माझी दातखीळ बसली. सरांनी हातात मांडीचं हाड दिलं, डावं की उजवं एवढंच विचारलं. मी ते धरून नुसता उभा. नापास. मग जेवण जाईना, पुस्तक उघडलं की छातीत धडधड. घरी काय तोंड दाखवायचं कळत नव्हतं, तरी रविवारी बॅग भरली.

तात्या ओट्यावर उघडेच बसलेले. "बस मागं. आज पाठ करायची ना?"

"मी चाललो तात्या. कॉलेज सोडतोय. नाही जमायचं मला. दुसरा भाडेकरू बघा."

मला वाटलं, आता 'नवा बैलसुद्धा पहिल्यांदा जू टाकतोय' वगैरे व्याख्यान येणार. पण तसं काही आलं नाही.

"भाडेकरू ढीग मिळतील रं," ते फाटकाकडे बघत म्हणाले. "आमची मंडळी गेली त्याला सहा वर्सं झाली. पोरगा दारातनंच 'बरं हाय ना' म्हणतो. सून ताट ठेवून जाती. चांगली हायती दोघं. पर म्हाताऱ्याच्या अंगाला हात कोन लावतंय?"

एवढे दिवस मी आपला हाडंच मोजत होतो.

बॅग पायरीवर ठेवली, मागं बसलो आणि मानेपासून एकेक मणका बोटानं दाबत मोठ्यानं मोजायला लागलो. बाराव्याला चुकलो.

"परत पहिल्यापास्नं मोज," तात्या म्हणाले. "मला काय घाई न्हाई."