साखरपुड्याचा गुरुवार

साहेबराव आणि त्यांचा मुलगा रविराज भोसरीत एकाच घरात राहत होते, पण सुट्टीच्या दिवशी दोघांची घरात गाठ पडल्याचं शालनबाईंना काही आठवत नव्हतं. नवऱ्याची एमआयडीसीतली कंपनी, आसपासच्या बहुतेक कंपन्यांसारखी, गुरुवारी बंद. मुलगा तळवड्याच्या आयटी पार्कात, त्याला शनिवार-रविवार. त्यामुळे मुली बघायच्या त्या रविवारी, आणि दर वेळी साहेबरावांची एक रजा खर्ची. सातवी मुलगी पसंत पडली, तोवर त्यांच्या वर्षाच्या सातही रजा संपल्या होत्या.

मुलगी निशिगंधा पिंपरीत नर्स होती. तिची सुट्टी दर आठवड्याला वेगळी. तिचे वडील सोपानराव शहर बसवर ड्रायव्हर. सगळ्या गावाला सण असला की त्यांना जादा गाड्या. साखरपुड्याची तारीख काढायला दोन्ही घरं बसली, तेव्हा मुहूर्ताचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

“दसरा?” शालनबाईंनी सुरुवात केली.

“जादा गाड्या,” सोपानराव म्हणाले.

“दिवाळी?”

“माझी ड्युटी असणार, आई,” निशिगंधा म्हणाली.

शेवटी रविराजनंच मोबाईलमधून मान वर काढली. “नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. आमच्या क्लायंटला सुट्टी, म्हणून आम्हालाही. अमेरिकेत त्या दिवशी आभार मानतात.”

“कुनाचं?” साहेबरावांनी विचारलं.

“सगळ्यांचेच.”

“आन् त्याला आख्खा दिवस लागतो व्हय?”

पण गुरुवार म्हटल्यावर साहेबरावांनी अमेरिकेला आणखी काही विचारलं नाही. निशिगंधानं मैत्रिणीला आपला रविवार देऊन गुरुवार घेतला. सोपानरावांनी रजा मंजूर करून घेतली. घराजवळचा छोटा हॉल ठरला, साठ माणसांचं जेवण सांगितलं.

साखरपुड्याच्या आठवड्यात मंगळवारी कंपनीच्या फळ्यावर नोटीस लागली. रविवारी नवा ट्रान्सफॉर्मर बसवायचा असल्यानं रविवारी कंपनी बंद राहील. त्याबदली येता गुरुवार चालू. साहेबरावांनी नोटीस तीनदा वाचली. तिन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं. मग ते मॅनेजरसाहेबांकडे गेले.

“साहेब, गुरवारी पोराचा साखरपुडा हाय.”

“अरे वा! अभिनंदन! रजा टाका.”

“रजा संपल्या.”

“मग कसं जमायचं? त्याच दिवशी चाकणला माल पोचवायचाय, अर्जंट. तुमच्या प्रेस मशीनवरचा दुसरा माणूस हात मोडून घरी बसलाय. तुम्ही नसाल तर गाडी जाणार नाही.”

एकोणीस वर्षांत साहेबरावांमुळे गाडी थांबली नव्हती. ही गोष्ट ते पाहुण्यारावळ्यांना आवर्जून सांगत. आता तीच आडवी आली.

“आता पुढं कवा जमल?” घरी शालनबाईंनी विचारलं.

रविराजनं बराच वेळ बोटं मोजली. “रविवार निशिगंधानं देऊन टाकलाय. म्हणजे पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर.”

“माझ्याबिगर उरका,” साहेबराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. एकुलत्या एका मुलाचा साखरपुडा, आणि आपण प्रेसवर.

शालनबाईंनी त्यांच्या पाठीलाच विचारलं. “अहो, जेवायला किती वेळ सोडत्यात?”

“अर्धा तास.”

“मग झालं की! टिळा, ओटी, अंगठ्या, पेढे. तेवढ्या वेळात मी रोज चार डबे भरते.”

गुरुवारी साडेबाराच्या भोंग्याला सगळे कंपनीच्या गेटबाहेर, गाड्या लावायच्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार होते. साहेबराव निळ्या गणवेशात आणि लोखंडी टोकाच्या बुटांत आले. मेहुण्यानं त्यांच्या डोक्यावर फेटा चढवला. दुचाक्यांच्या दोन रांगांमध्ये पाट मांडले होते. डबे घेऊन निघालेले शंभरेक कामगार आपोआप वऱ्हाडी झाले. टिळा झाला, ओटी भरली. अंगठ्या घालताना साहेबरावांचे डोळे भरून आले, पण हाताला तेल असल्यानं पुसता येईनात. ते निशिगंधानं आपल्या रुमालानं पुसले. मॅनेजरसाहेबांनीही खाली येऊन अक्षता टाकल्या आणि घड्याळ पाहिलं.

एकच्या भोंग्याला साहेबरावांनी फेटा उतरवून सोपानरावांच्या हातात दिला, पेढ्यांचा एक पुडा खिशात कोंबला आणि प्रेस गाठला. अडीचला माल भरून गाडी चाकणला गेली. एकोणीस वर्षं बिनडाग राहिली. हॉलवर साठ पानं उठली. साहेबरावांचं तेवढं झाकून ठेवलं होतं.

साडेपाचला सुट्टी झाली तेव्हा गेटातून तीच गाडी आत येत होती. ताडपत्री बांधलेली, माल जसाच्या तसा.

“का रं, काय झालं?” साहेबरावांनी विचारलं.

“आपली गुरवारची सुट्टी रविवारी गेली, चाकणवाल्यांची कुठं गेलीय?” ड्रायव्हर म्हणाला. “गेटला कुलूप. वॉचमन म्हणला, आज सुट्टी हाय, उद्या या.”

साहेबरावांनी ताडपत्रीखालचा माल एकदा चाचपून पाहिला. मग त्यांनी खिशातून पुडा काढला.

“घे, पेढा खा,” ते म्हणाले. “पोराचा साखरपुडा व्हता.”