मागील तारखेचे अद्ययावतीकरण

सन २००५ च्या डिसेंबरात, एका गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता, कसबा बावड्यातल्या गणपती कांबळे यांनी घरच्या संगणकाची सूचना मान्य केली. नवीन सुधारणा आल्या आहेत, बसवायच्या का, असं तो विचारत होता. त्यांची लेक सोनम ही सूचना रोज 'नंतर' म्हणून टोलवायची. पण कांबळे मे अखेरीस एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि एकतीस वर्षांत वरून आलेलं एकही परिपत्रक त्यांनी परत पाठवलं नव्हतं. त्यांनी 'होय' दाबलं.

तासाभरानं संगणक आपणहून बंद पडला, आपणहून सुरू झाला आणि त्यानं कळवलं, की सुधारणा अर्धवट बसली आहे. ती पूर्ण करण्यासाठी इंटरनेट जोडावं. इंटरनेट जोडायला गेल्यावर कळवलं, की सुधारणा पूर्ण झाल्याशिवाय इंटरनेट जोडता येणार नाही. कांबळ्यांना भरून आलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होतं.

"ह्यो आपल्याच खात्यातला हाय," ते बायकोला म्हणाले.

"मग त्याला चा पाजा," भाकरी थापता थापता मीनाबाई म्हणाल्या. "पोरीचा प्रबंध हाय त्यात. शनवारी द्यायचाय."

दुपारी सोनम विद्यापीठातून आली. तिनं पडदा पाहिला आणि खांद्यावरची पिशवी खाली टाकली. "दोन वर्षांचं काम हाय बाबा," एवढंच म्हणाली. तेव्हा कुठं कांबळे खुर्चीतून उठले.

त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. अर्धा तास सनई ऐकवून एका गोड आवाजानं परवान्याचा नंबर विचारला. नंबर कुठला असतो हे विचारायला त्यांनी संगणक जोडून देणाऱ्या प्रसेनजीतला राजारामपुरीतून बोलावून घेतलं.

"नंबर समद्यांचा एकच हाय काका," तो म्हणाला. "आमच्याकडं सीडी एकच. तिच्याच कॉप्या गावभर."

"म्हंजे आमी चोर?"

"चोर न्हाय हो. शाखा म्हना."

प्रसेनजीतकडं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. "सगळं पुसून नवं टाकूया," तो म्हणाला.

"आनि प्रबंध?"

"त्यो बी नवाच लिहायचा."

सोनमनं त्याच्याकडं असं काही पाहिलं, की त्याला ताबडतोब दुसरं औषध आठवलं. "यंत्र मागच्या तारखेला नेता येतं. सुधारणा आलीच न्हवती असं वाटतं त्याला."

कांबळ्यांनी खुर्ची पुढं ओढली. "बॅकडेट म्हन की सरळ."

पडद्यावर कॅलेंडर उघडलं. इथं भल्याभल्यांनी दिसेल ती तारीख दाबली असती. कांबळ्यांनी रविवार टाळला, सोमवार गर्दीचा म्हणून सोडला आणि मंगळवारावर बोट ठेवलं. पाव तासानं संगणक उघडला. प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जिथल्या तिथं होता. सोनमनं बाबांना मिठी मारली आणि शनिवारी तो देऊनही आली.

ही बातमी जुन्या कचेरीत पोचायला वेळ लागला नाही. तिथंही सुधारणा आली होती आणि पाचही संगणक गप्प झाले होते. सोमवारी साहेबांनी कांबळ्यांना मानानं बोलावलं. कांबळ्यांनी पाचही यंत्रं तेवीस एप्रिलला नेली आणि रेकॉर्ड जुळावं म्हणून कोपऱ्यातल्या घड्याळातही तेवीस एप्रिल लावला. यंत्रं घरघरू लागली. मग साहेबांच्या लक्षात आलं, की संगणकावरचीच तारीख ग्राह्य धरावी असं परिपत्रक आहे, आणि त्या तारखेला कांबळे सेवेत आहेत.

"मग बसा की जाग्यावर," साहेब म्हणाले.

सध्याचे हेडक्लार्क पिराजी एप्रिलमध्ये ज्युनियर होते. त्यांनी डबा उचलला आणि ते कोपऱ्यातल्या टेबलाकडं गेले.

मीनाबाईंचा फोन आला. "कवा येताय घरी?"

"सुट्टी झाली की. रिटायर व्हायला सव्वा म्हैना हाय अजून."

"बरं. येताना आंबं आना. एप्रिल हाय न्हवं?"

दुपारपर्यंत खिडकीबाहेर रांग लागली. ज्यांची मुदत जूनमध्ये हुकली होती ते आले, ऑगस्टवाले आले, दिवाळीवाले तर रिक्षा करून आले. सगळे अर्ज मुदतीत बसले. एका गृहस्थानं मात्र आवाज चढवला, की ही शुद्ध फसवणूक आहे, मी वर्तमानपत्रात लिहीन. कांबळ्यांनी शांतपणे विचारलं, "पावणं, तुमचा अर्ज किती दिवसांनी हुकलाय?"

"दोन," गृहस्थ म्हणाले, आणि खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, की रांग इथूनच ना.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ दे. फक्त त्या गृहस्थांच्याच मागं काखेत फाईल धरून, 'सगळ्यांचं होतंय तर आमचंही एक बघा की' म्हणत जे उभे होते, त्यांनी गडबडीत पोच नेलेली नाही. ती घेऊन जा. नाव तुमचंच आहे, आणि तारीख एप्रिलची.