मफलरची पिशवी

दगडूतात्यांकडं पिशवी मागायला गेलं, की ते आधी विचारायचे, "कंची देऊ? खजूर का मफलर?"

नळदुर्गच्या शाळेत माझी नवी नेमणूक झाली होती आणि तात्यांच्याच घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न कानावर आला तेव्हा म्हातारा जरा चळलाय असं मला वाटलं. मग उलगडा झाला. तात्यांकडं प्लास्टिकच्या अकरा पिशव्या होत्या, आणि ज्या पिशवीतून जे आलं तेच तिचं नाव. हिरवी ती खजूर, निळी ती मफलर, आणि पांढरी ती गुडघ्याच्या गोळ्या.

त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत आमच्याकडं अशी पिशवी नवलाचीच होती. सामान कागदाच्या पुड्यात यायचं, नाहीतर धोतराच्या सोग्यात. हायवेवर ढाबे वाढले, ट्रक थांबायला लागले, तशा पिशव्याही गावात शिरल्या. लोक वापरायचे आणि वाऱ्यावर सोडून द्यायचे. तात्यांना ते बघवायचं नाही. सोसायटीच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेलेला, रिकामं पोतंसुद्धा झटकून, घडी करून ठेवायची सवय. "वस्तूला हात लावला की तिची जोखीम आपल्यावर आली," असं ते म्हणायचे.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. टँकरचं पाणी. तात्या आंघोळीला परातीत बसायचे, त्या पाण्यात पिशव्या खळबळून काढायचे आणि मग तेच पाणी दारातल्या लिंबाला घालायचे. माझा सदरा आठवड्यातून एकदा धुतला जायचा, मफलर रोज.

पिशवी उसनी द्यायला त्यांची ना नसायची. फक्त दिवेलागणीच्या आत ती परत आली पाहिजे. नाही आली की तात्या दारात हजर. एकदा आमच्या हेडमास्तरांकडं ते असेच गेले. हेडमास्तर घरात नव्हते, पाहुण्या आलेल्या त्यांच्या सासूबाई होत्या. वैशाखाच्या उन्हाळ्यात घामानं निथळणारा म्हातारा दारात उभा राहून म्हणतोय, "आमचा मफलर द्या." बिचाऱ्या बाईनं दोन ट्रंका उपसल्या आणि शेवटी जावयाचा लोकरी मफलर आणून त्यांच्या हातात ठेवला. तात्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "ह्ये न्हवं. ह्यात कांदं कसं मावतील?"

खजूर, मफलर, गोळ्या हे सगळं येतं कुठून, ते मला शेजारच्या काशाबाईंनी सांगितलं. काशाबाई एकट्याच राहायच्या. एक गाय होती, तिचं दूध डेअरीला घालून त्यांचं भागायचं.

"लेक पाठवती हैदराबादेवरनं," त्या म्हणाल्या. "सुमन. नर्स हाय तिकडं. तिनं तिथंच आपल्या मनानं लगीन केलं, तात्या गेलं न्हाईत. आई वारली तवा आलती. तीन दिस बापाच्या समोर बसली, पर ह्यो बाबा तोंडातनं सबूद काढंना. गेली मग."

"आणि तरी पाठवते?"

"पाठवती की. इस्माईल ड्रायव्हरकडं देती. ह्ये ढाब्यावर जाऊन घेत्यात. पर आठ वरसांत एक कागद धाडला न्हाई तिला."

खजूर खाऊन संपायचे, गोळ्या संपायच्या. पिशव्या तेवढ्या राहायच्या.

पुढं जे झालं त्यात चूक माझी होती. एका बाजारच्या दिवशी मी मफलर घेऊन गेलो. मेथीची जुडी आणली, भाजी निवडली आणि काड्या-देठं त्याच पिशवीत भरून ती कुंपणाला अडकवली. सकाळी बघतो तर पिशवी नाही. तात्यांना म्हणालो, "शाळेत राहिली, उद्या आणतो." असे चार उद्या गेले. तात्या रोज विचारायचे, आणि रोज माझ्या तोंडाकडं जरा जास्त वेळ बघायचे.

त्या दिवसांत चारा कुठंच नव्हता. गुरं बाजारतळावर कागद, चिंध्या, काय मिळेल ते चघळत हिंडायची. आठवड्याभरानं काशाबाईंची गाय फुगली. दोन दिवस उभीच होती, तिसऱ्या दिवशी पडली. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांनी तिथंच पोट फाडून बघितलं आणि आतून घागरीएवढा एक गोळा काढला. नुसतं प्लास्टिक, दोऱ्या, चिखल. त्याच्या एका बाजूला निळं टोक दिसत होतं.

तात्या खाली बसले. ते टोक त्यांनी बोटानं पुसलं.

"माजी हाय," ते काशाबाईंना म्हणाले. "काशे, माजी पिशवी हाय ही."

मी पुढं झालो. "तात्या, मी हरवली ती. मी खोटं बोललो तुमच्याशी."

डॉक्टर म्हणाले, "एका पिशवीनं गाय मरत नसते. हे वर्षभराचं साचलेलं आहे. सगळ्या गावाचं आहे."

काशाबाई पुढं आल्या. गाईच्या गळ्यातली घंटा सोडून पदरात घेतली आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून तात्यांनी पिशवी देणं बंद केलं. उरलेल्या दहा त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवून वर कुलूप घातलं. सकाळी उठून गल्लीत, उकिरड्यावर, ढाब्यांमागं पडलेल्या पिशव्या ते काठीनं गोळा करायला लागले. मीही शाळेच्या आधी त्यांच्यासोबत जायचो. लोक हसायचे. तात्या म्हणायचे, "हसू द्या, गुरुजी. गाय हसत न्हाई."

आणि एका दुपारी बघतो तर ते ओसरीवर लुगडं फाडत बसलेले. बायकोचं, हिरवं, काठाचं. त्याची त्यांनी न्हाव्याच्या धोपटीसारखी पिशवी शिवली. टाके माझ्या पहिलीतल्या मुलांच्या अक्षरांसारखे.

"इस्माईलला द्यायची," ते म्हणाले. "सुमीला सांगायचं, आता काय धाडायचं त्ये ह्यात धाड. प्लास्टिक नगं."

दुसऱ्या दिवशी ढाब्यावर जायला निघाले आणि उंबऱ्यातच थांबले. पिशवीचं तोंड उघडून आत बघायला लागले.

"काय झालं, तात्या?"

"रिकामीच कशी धाडू?" ते म्हणाले. "आपल्यात शेजारणीची वाटी बी रिकामी देत न्हाईत. लेकीच्या घरी रिकामी पिशवी धाडू?"

आठ वर्षांत हा प्रश्न त्यांच्यापुढं आलाच नव्हता. प्लास्टिकची पिशवी लेकीनं कधी परत मागितली नव्हती.

मग त्यांनी घर धुंडाळलं. दुष्काळात घरात असणार काय? शेवटी काशाबाईंनी कारळाची चटणी कुटून दिली. तात्यांनी स्वतः चार भाकरी थापल्या, चुलीपुढं धरून कडक केल्या. वाकड्यातिकड्या, कडेला करपलेल्या. चिठ्ठी लिहू का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "काय लिवणार? भाकरी बघितली की कळंल कुणी केली त्ये."

पिशवी गेली. महिना झाला, इस्माईलची गाडी नाही. तात्या रोज संध्याकाळी ढाब्यावर जाऊन बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, "वाऱ्याला आलोय."

एकदा मी सोबत असतानाच गाडी आली. इस्माईल खाली उतरला. हात रिकामे.

"दिली व्हय पिशवी?" तात्यांनी विचारलं.

"दिली की. दारातच दिली." इस्माईल खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसत म्हणाला, "म्या म्हनलं, ताई, काय देनार आसंल तर भरून द्या, पिशवी परत न्यायला सांगितलीय. तिनं भाकरी काढून ठिवल्या. पिशवीला नाक लावलं. म्हनली, आईचं लुगडं हाय ह्ये. अन् पिशवी घिऊन आत गेली, ती भायेरच आली न्हाई. लई येळ थांबलो मी. मग म्हनलं, राहू दे."

तात्या बाकावर बसून ऐकत होते. पुढून दोन ट्रक धूळ उडवत गेले.

"भाकरी खाल्ली का तिनं?" त्यांनी विचारलं.

"त्ये न्हाई बगितलं, तात्या."

"करपल्या व्हत्या जरा," तात्या म्हणाले. मग इस्माईलसाठी चहा सांगितला, आणि त्याला हळूच विचारलं, "परत कवा जाणार?"