आनंदाचा अतिरिक्त कार्यभार

भावना ही माणसाची मूलभूत गरज असली, तरी परकीय भाषेच्या अभ्यासक्रमात ती चौथ्या प्रकरणात येते. त्याआधी रंग, फळे आणि शरीराचे अवयव पूर्ण करावे लागतात. (नाक माहीत नसताना नाक मुरडता येत नाही, हे उघड आहे.) चौथ्या प्रकरणात सहा भावनांना मान्यता आहे : आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य आणि कंटाळा. सातवी एखाद्याच्या मनात आलीच, तर तिने पुढच्या इयत्तेपर्यंत थांबावे अशी अपेक्षा असते.

हे प्रकरण शिकवण्यात परभाषेच्या बाईंचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. दुःख शिकवताना त्या ओठ असे काही खाली ओढत, की पहिल्या बाकावरची मुलं पाणी आणायला उठत. "माझा चेहरा म्हणजे शाळेची मालमत्ता," त्या स्टाफरूममध्ये स्वतःचीच थट्टा करायच्या. "घरी न्यायचा तर मुख्याध्यापकांची सही लागते." आणि खरोखरच घरी पोचेपर्यंत तो चेहरा इतका दमलेला असायचा, की नवऱ्याने "काय झालं?" विचारलं तर "कुठे काय" याच्यापलीकडे त्याला काही झेपायचं नाही.

अडचण एकच होती. "आज तुला कसं वाटतंय?" असं परभाषेत विचारलं, की पोरं एका सुरात "आनंदी" म्हणत. पाठीत धपाटा खाऊन आलेला आनंदी, तापाने फणफणलेलीही आनंदी. बाईंच्या अंदाजानुसार वर्गातले ब्याण्णव टक्के आनंदी होते आणि उरलेले गैरहजर. असल्या सुखी वर्गाला दुःख शिकवायचं तरी कसं? तेव्हा बाईंनी मंत्रिमंडळाच्या धर्तीवर खातेवाटप केलं. दर सोमवारी प्रत्येकाला एक भावना द्यायची, ती त्याने शनिवारपर्यंत सांभाळायची.

योजनेला घवघवीत यश मिळालं. राग खात्याच्या मुलाने आपल्या वाढदिवसाची चॉकलेटं भुवया आवळून वाटली. मधल्या सुट्टीत "माझी भीती घे, तुझा कंटाळा मला दे, वर खोडरबर देते" असे व्यवहार होऊ लागले. आनंदाला मात्र फारसं गिऱ्हाईक नव्हतं. त्यात सतत हसावं लागतं, गाल दुखतात.

ठकी ही बाईंची स्वतःची लेक, त्याच वर्गात होती. वर्गात आईला "बाई" म्हणायचं आणि वर्गातलं घरी आणायचं नाही, असा मायलेकींचा करार होता. तो दोघींनी इतका काटेकोर पाळला, की हळूहळू घरी बोलायला काही उरलंच नाही. त्या आठवड्यात ठकीकडे, आणखी काही जणांसारखाच, कंटाळा होता आणि एकुलता एक आनंद होता तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडे. पण मैत्रिणीच्या वडिलांची अचानक बदली झाली, ती शाळा सोडून गेली आणि आनंदासारखं महत्त्वाचं खातं ऐन तपासणीच्या तोंडावर रिकामं पडलं. (शुक्रवारी वरचे साहेब नमुना पाठ बघायला यायचे होते.) बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता मैत्रिणीचा आनंद अतिरिक्त कार्यभार म्हणून ठकीकडे सोपवला. जागा शेजारचीच, त्यामुळे ने-आण करण्याचाही त्रास नव्हता.

संध्याकाळी ठकी दोनदा "आई" म्हणत जवळ आली. पण बाई तेव्हा आश्चर्याच्या चित्रातल्या भुवया रंगवत होत्या. "हं, नंतर," त्या म्हणाल्या. भुवई जरा वाकडी झाली तर आश्चर्याचा संशय होतो, हे तिला कोण सांगणार?

शुक्रवारी साहेब मागच्या बाकावर बसले. पोरांनी धडाधड आपापली खाती मांडली. राग रागावला, भीती थरथरली, कंटाळ्याने तर एक जांभई आपल्या मनाने जास्तीची दिली. मग ठकी उभी राहिली.

"आज तुला कसं वाटतंय?" बाईंनी परभाषेत विचारलं.

ठकी त्याच भाषेत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मला वाईट वाटतंय. माझी मैत्रीण गेली. मी घरी सांगितलं नाही, कारण आईला वेळ नाही."

यातले निम्मे शब्द बाईंनी अजून शिकवलेच नव्हते. पोरीने ते आपले आपण शोधून आणले होते. पुढे होऊन लेकीला जवळ घ्यावं, एवढंच त्यांना त्या क्षणी वाटलं. पण मागे साहेब मान डोलावत होते, आणि इतक्या वर्षांची नोकरी तोंडातून आपोआप बोलते.

"उच्चार छान," बाई म्हणाल्या. "पण तुझ्याकडे आनंद आहे ना? पुन्हा सांग बघू."

ठकीने बाहीने डोळे पुसले आणि दात दाखवून सांगितलं, "मी आनंदी आहे, बाई."

साहेब बेहद्द खूश झाले. दुःखाकडून आनंदाकडे जाण्याचा विद्यार्थ्यांचा वेग समाधानकारक असून ही पद्धत इतर शाळांनीही अंगीकारावी, असं त्यांनी चहा पिताना जाहीर केलं.

घरी आल्यावर त्यांनी लेकीला विचारायचं ठरवलं. "ठकी, फार वाईट वाटतंय का गं?" एवढंच वाक्य होतं. पण मातृभाषेत त्याचा सराव नव्हता. तोंड उघडलं तर "डबा संपवलास का?" बाहेर पडलं. दुसऱ्यांदा उघडलं तर "दप्तर जागेवर ठेव." शेवटी घायकुतीला येऊन त्यांनी परभाषेतच विचारलं, "आज तुला कसं वाटतंय?"

ठकीने आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "शाळा सुटली ना आई," ती म्हणाली आणि दप्तर जागेवर ठेवायला गेली.

बाई खुर्चीत बसल्या आणि रडल्या. ओठ खाली ओढायचंही त्यांना सुचलं नाही. शिकवण्याच्या दृष्टीने ते रडणं अगदीच कुचकामी होतं. चेहरा बघून एकाही विद्यार्थ्याला अचूक शब्द सांगता आला नसता.

तुम्ही बाईंना हसणं सोपं आहे. त्यांच्याकडे निदान सोमवारी खाती बदलत होती. तुम्हाला कालच जिन्यात कुणीतरी "कसं काय?" विचारलं आणि तुम्ही "मजेत" म्हणालात. गेल्या वर्षी मजेत, त्याच्या आदल्या वर्षीही मजेत. हे खातं तुमच्याकडे कुणी सोपवलं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि विचारणारा खरंच उत्तर ऐकायला थांबला असता, तर चावी सापडत नाही असं दाखवून तुम्हीच खिसे चाचपायला लागला असता.