आठ दिवस शून्यावर

"बॉयलरचा गेज आठ दिवसांच्या रजेवर गेलाय, आणि त्याच्या जागी घोसाळकरांना आता कायमचं—" एवढं प्रमिलावहिनींनी ऐकलं आणि गिरणीचा पट्टा फिरायला लागला. पुढचं वाक्य त्या आवाजात गेलं.

दळणाचा डबा तिथेच टाकून त्या तडक कॉलनीत आल्या. घोसाळकरांचं दार त्यांच्या दाराला लागून. शेजारची गोष्ट आपल्याला गिरणीत कळावी, हे त्यांना फार लागलं होतं.

दार विजया घोसाळकरने उघडलं. आत खुर्चीत, उशीला टेकून, वाफेचा दाब दाखवणारा गेज बसला होता. थाळीएवढा गोल, पितळी काठाचा, काचेवर वाफेचे जुने डाग.

"अगं, हाच का तो?"

"हळू बोला वहिनी. रजेवर आहेत ते."

विजयाने अर्जाची नक्कल दाखवली. 'बावीस वर्षे सात किलोवर उभा आहे. ऑपरेटर माझ्याकडे न बघताच वहीत सात लिहितात. आठ दिवस शून्यावर पडू द्यावे.' रजा मंजूर झाली होती. स्टोअरमध्ये दुसरा गेज होता, पण तपासणीचा दाखला नसल्याने तो लावता येत नव्हता. मग नियमाप्रमाणे रजेवर जाणाऱ्याने बदली द्यायची, म्हणून गेजने घोसाळकरांचं नाव दिलं.

"बरं, आठ दिवस काय, जातील की भुर्रकन."

"जातच नाहीत ना!" विजया मटकन खाली बसली. "काटा शून्यावर टेकला की तो पहिला दिवस धरायचा, असा नियम आहे. आज सहा दिवस झाले, काटा सातवरून उतरत आत्ता कुठे अर्ध्या किलोवर आलाय. एक दिवस भरलेला नाही. आणि तोवर आमच्या यांना कारखान्यातून घरी सोडत नाहीत."

प्रमिलावहिनी गेजजवळ गेल्या. "काय हो, झोप लागत नाही का? घरचं कोण कोण आहे तुम्हाला?"

गेजचा काटा जरासा हलला.

दुसऱ्या दिवशी विजयाला ताप होता, म्हणून डबा घेऊन वहिनीच कारखान्यात गेल्या. गेटवर त्यांना हेल्मेट मिळालं. बॉयलरसमोर घोसाळकर भिंतीकडे तोंड करून उभे होते. डाव्या हाताला हातमोजा आणि त्या मुठीत वाफेची नळी. उजवा हात खांद्याच्या वर तिरका, भिंतीवर खडूने लिहिलेल्या सातवर.

"भाऊजी, डबा आणलाय."

"भरवा वहिनी. हात खाली घेता येत नाही. खाली आला की दाब पडला समजतात नि सगळा प्लांट बंद."

वहिनींनी भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात दिला. घोसाळकरांनी तो बराच वेळ चावला. दोन महिन्यांनी ते ऑपरेटरच्या कामातून निवृत्त होणार होते. मागे टेबलाशी पेडणेकर नावाचा ऑपरेटर वही लिहीत होता. दुपारी दोनलाच त्याने रात्री दहापर्यंतचे सात लिहून ठेवले होते.

"तो बघत नाही का तुमच्याकडे?"

"मी तरी कुठे बघायचो?" घोसाळकर म्हणाले. "आता हात नऊवर गेला तरी त्याच्या वहीत सातच. तेवढं आत कुणाला सांगा. मी सांगून दमलो."

सुरक्षा अधिकारी तोडणकर साहेबांना वहिनींनी ते सांगितलं. साहेबांनी टिपून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "बाई, गेज खोटं दाखवत नाही. अर्धा किलो दाखवतोय म्हणजे तुमच्या घोसाळकरांच्या घरात कुठेतरी अर्धा किलो दाब आहे. तो शोधा."

विजयाने ताप अंगावर काढून घर शोधलं. कुकर माळ्यावर टाकला, गॅसची टाकी बाहेर ठेवली, नळ सैल केला. काटा तिथेच. शेवटी तिनेही वही केली, पण बघून लिहायची. दोन दिवसांनी ती वही हातात घेऊन वहिनींच्या दारात उभी राहिली.

"रागावू नका वहिनी. तुम्ही आलात की ते अर्ध्यावर जातात. गेलात की उतरायला लागतात. पण टेकायच्या आत तुम्ही पुन्हा येता."

वहिनींनी वही वाचली. सकाळचा चहा, अकराची कोथिंबीर, चारची विचारपूस, सगळं वेळेसकट होतं. 'झोप लागते का' या प्रश्नापुढे पॉइंट सहा किलो लिहिलं होतं.

"मी काय वाईट विचारते का गं?"

"नाही हो. पण प्रश्नाचा दाब येतो त्यांच्यावर."

वहिनींनी दार लावून घेतलं. आठ दिवस त्यांनी ते उघडलं नाही. शेजारी कुणाची तरी गाडी थांबली, कुणीतरी रडलं, तळलेल्या माशांचा वास आला. त्यांनी कोण, का, हे विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्या भिंतीला कान लावायला गेल्या आणि अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. इतकं थकवणारं काम त्यांनी बाळंतपणातही केलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी तोडणकर साहेब जीप घेऊन आले आणि गेजला मांडीवर घेऊन गेले. संध्याकाळी विजयाने हाक मारली.

घोसाळकर घरी आले होते. बारीक झाले होते, पण कॉटवर बसून डाव्या हाताने चहा पीत होते. म्हणजे गिरणीतली बातमी सगळी खरी नव्हती. कंपनीचं पत्र उशीखाली होतं. यापुढे सुरक्षेसाठी एका बॉयलरला दोन दाबदर्शक असावेत, असं ठरलं होतं. त्यामुळे घोसाळकरांना सोडण्यात आलं होतं आणि फक्त उजवा हात कायम ठेवण्यात आला होता. तो खांद्याच्या वर, तिरका, सातवर होता.

"बसा की वहिनी," घोसाळकर म्हणाले.

वहिनी त्यांच्या उजवीकडे टेकणार, तोच विजया म्हणाली, "तिकडे नको. तो ड्यूटीवर आहे."

वहिनी उठल्या आणि डावीकडे जाऊन बसल्या.